भाऊजींची सायटेशन्स चार हजार, माझी अठ्ठावन्न

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

ताई, नमस्कार. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, एका कॉलेजात इतिहास शिकवते, वय ४३. माझी पीएचडी बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर आहे. मोडी वाचते, आणि त्या काळातल्या शाळाखात्याच्या निवडक कागदांचं लिप्यंतर करून, टिपा देऊन एक मराठी पुस्तक काढलंय. पेपर १४, सगळे एकटीच्या नावावर, ५ मराठी, ३ गुजराती, ६ इंग्रजी. खरं सांगते, त्यातले २ पैसे भरून आठवड्यात छापून आलेले आहेत आणि ३ सेमिनारच्या पुस्तकांतले. गूगल स्कॉलरवर माझी सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्यांनी माझ्या कामाचे दिलेले हवाले) ५८, एच-इंडेक्स ४ (म्हणजे निदान चार-चार हवाले मिळालेले चार पेपर), स्कोपस या जर्नल्सच्या डेटाबेसमध्ये तर दोनच पेपर दिसतात. माझे दीर फार्मसीत रिसर्च करतात, त्यांचे १३० पेपर, चार हजारांवर सायटेशन्स, एच-इंडेक्स ३४, आणि ते त्या जगातल्या टॉप २ टक्केवाल्या यादीत आले. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा सासऱ्यांनी कात्रण वाचून दाखवलं आणि मग मला विचारलं, सूनबाई तुझे किती? मी सांगितलं, मग कोणी काही बोललंच नाही. आता विद्यापीठात असोसिएट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज भरतेय, इंटरव्ह्यू जूनच्या आसपास लागेल. एका सहकाऱ्याचं म्हणणं की पुढच्या पेपरांवर एकमेकांची नावं घालू, दोघांचा स्कोअर वाढेल. एक मैत्रीण म्हणते मोडी सोड, एआय आणि शिक्षण असलं काहीतरी चालणारं घे. माझं काम खरंच इतकं हलकं आहे का? विषय बदलू का? आणि नावांचं काय करू?
– मोडीवाली, बडोदा

प्रिय मोडीवाली,

नावांचा प्रश्न आधी संपवू, कारण त्याला घाई आहे आणि उत्तर छोटं आहे. नको.

सहकाऱ्याच्या डोक्यात हे गणित कुठून आलं ते सांगते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत रिसर्च स्कोअरचा तक्ता आहे, त्यात भाषा, कला, सामाजिक शास्त्रं या बाजूला एका पेपरला १० गुण आहेत आणि दोन लेखक असले तर दोघांनाही त्याच्या ७० टक्के मिळतात. म्हणजे तू एकटीनं एक लिहिला आणि त्यानं एकट्यानं एक लिहिला तर दोघांचे दहा-दहा, पण दोन्हीवर दोघांची नावं घातली की प्रत्येकाचे सात आणि सात चौदा. एकत्र काम करणाऱ्यांचं नुकसान होऊ नये म्हणून ठेवलेली सोय आहे ती, आणि चांगली सोय आहे, पण न केलेल्या कामावर नाव घालायला ती वापरणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणायचं याच्या अटी घातल्यात, त्यातली एक अशी की ज्याचं नाव वर आहे त्यानं संपूर्ण पेपरची जबाबदारी घ्यायची. इतिहासात अशी लेखी अट नसेल पण गोष्ट तीच आहे. उद्या कमिटीतल्या कोणी त्याच्या पेपरमधल्या तिसऱ्या टेबलबद्दल तुला विचारलं तर तू काय सांगणार आहेस? आणि त्याच्या पेपरमध्ये कुठून तरी उचललेलं सापडलं तर तुझं नाव पण त्यावर असेल.

शिवाय तुला त्याची गरजच नाही गं. त्याच २०१८ च्या नियमांत असोसिएट प्रोफेसरला पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव याच्यासोबत ७ पेपर आणि ७५ चा रिसर्च स्कोअर मागितलाय. तुझ्या १४ मधून ते पैसेवाले २ आणि सेमिनारचे ३ मी बाजूला काढले तरी ९ उरतात, एकटीच्या नावावरचे, म्हणजे ९०, आणि देशातल्या प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला १०, झाले शंभर. (जाहिरातीत कोणता नियम लावलाय आणि तुझी कोणती जर्नल्स मान्य धरतायत ते मात्र ओळीन् ओळ वाचून बघ. केअर यादी, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, यूजीसीनं २०२५ च्या सुरुवातीला बंद केली आणि जर्नल पारखायचं काम विद्यापीठांवर सोपवलं, त्यामुळे तुझा पेपर आला तेव्हा ते जर्नल यादीत होतं याचा कागद किंवा स्क्रीनशॉट असेल तर तो अर्जाला जोडायचाच.)

आता खरा प्रश्न, काम हलकं आहे का. हा प्रश्न तुला सासऱ्यांनी नाही विचारला, तो तू स्वतःला विचारलास, कात्रण वाचून झाल्यावर सगळे गप्प बसले त्याचा अर्थ तूच लावलास. माझी नोकरी लायब्ररीत गेली, लोकांना संदर्भ शोधून देण्यात, आणि हे आकडे कसे तयार होतात ते मी जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सायटेशन मोजलं जायला दोन गोष्टी घडाव्या लागतात. कोणीतरी आपल्या लिखाणात तुझ्या कामाचा हवाला द्यायला हवा, आणि तो हवाला मोजणाऱ्याला दिसायला हवा. दोन्ही ठिकाणी तुझा विषय आणि भाऊजींचा विषय वेगळ्या जगातले आहेत.

पहिलं बघ. फार्मसी, केमिस्ट्री, मटेरियल्स यात जगभर हजारो लॅब्स एकाच प्रकारच्या प्रश्नावर काम करतायत, एका पेपरखाली चाळीस-पन्नास संदर्भ सहज असतात, रिव्ह्यू पेपर असला तर दोन-तीनशे, आणि सगळं इतक्या भराभर चालतं की दोन वर्षांपूर्वीचं जुनं वाटायला लागतं. म्हणजे हवाला देणारे हात खूप, प्रत्येक हातात संदर्भ खूप. तुझ्याकडे काय आहे? बडोदा संस्थानाच्या शाळाखात्याचे मोडी कागद वाचून त्यावर लिहिणारी माणसं या देशात किती असतील, तू पण ओळखत असशील त्यातल्या बहुतेकांना. अमरेलीत १८९३ ला सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ ला तो अख्ख्या संस्थानाला लागू झाला, हे दोन ओळीत सगळे लिहितात, पण गावच्या मास्तरानं वरती काय कळवलं, दंड कोणाकडून वसूल झाला, मुलींना कोण पाठवत नव्हतं हे कागदातून काढणारे कमी. जिथे लिहिणारेच कमी तिथे ५८ वेळा नाव येणं हा छोटा आकडा नाही.

आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. एच-इंडेक्स ज्यानं काढला तो होर्हे हिर्श, फिजिक्सवाला, त्यानं २००५ च्या त्याच पेपरमध्ये लिहून ठेवलंय की मोठ्या रिसर्च विद्यापीठात फिजिक्सच्या माणसाला असोसिएट प्रोफेसर व्हायला साधारण १२ आणि पूर्ण प्रोफेसरला १८ असावा, आणि तिथेच त्यानं हेही लिहिलंय की जीवशास्त्रातले आकडे फिजिक्सपेक्षा मोठे असतात, विषयाप्रमाणे फरक पडतो. म्हणजे माप काढणारा पहिल्या दिवशीच सांगून गेला की वेगळ्या विषयांना एकाच पट्टीनं मोजू नका, आपण तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं उचललं. शेवउसळीच्या गाडीवर दिवसाला किती प्लेटी गेल्या आणि सोनाराकडे किती दागिने गेले हे आकडे शेजारी मांडून कोणाचा धंदा चांगला ते कोणी ठरवत नाही, इथे मात्र तेच चाललंय.

जर्नल्सचं पण असंच. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन्स आली, एवढंच. कॅन्सरच्या डॉक्टरांचं एक अमेरिकन जर्नल आहे, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर शेकड्यांत जातो, आणि ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स, जिथे पेपर छापून आला की गणितवाल्याचं आयुष्य मार्गी लागतं, त्याचा चार-पाचच्या आसपास. आता इतिहासात दोन वर्षांची खिडकी धरली तर कसं व्हायचं, जिथे पुस्तकाचा एक नीट रिव्ह्यू यायलाच दोन वर्षं लागतात. कला आणि मानव्य विद्यांच्या इंडेक्समधल्या जर्नल्सना तर २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर दिलाच जात नव्हता, मोजणाऱ्या कंपनीलाच माहीत होतं की या विषयांना हे माप बसत नाही.

एकाच विषयाच्या आत पण आकडा काय सांगतो ते बघ. नेचरनं २०१४ मध्ये सर्वात जास्त साइट झालेल्या पेपरांची यादी केली, पहिला नंबर १९५१ च्या लाउरींच्या पेपरचा, प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर सायटेशन्स. आणि वॉटसन-क्रिकचा १९५३ चा डीएनएवाला पेपर? पाच हजारांच्या थोडा वर. पद्धत रोज लागते म्हणून प्रत्येक जण तिचा हवाला देतो, आणि डीएनएची रचना इतकी सगळ्यांची होऊन गेली की तिच्यासाठी कोणी संदर्भ लिहीतच नाही. लाउरींचं काम लहान नव्हतं, पण साठपट मोठं होतं असं कोणी म्हणेल का?

भाऊजींच्या १३० पेपरांबद्दल पण एक सांगते, आणि यात त्यांना कमी लेखायचं नाहीये, त्यांनी मेहनत केलीच असणार. लॅबमध्ये पेपर सहा-आठ जणांचा असतो, कोणी सॅम्पल करतं, कोणी मशीन चालवतं, कोणी लिहितं, आणि ते रास्त आहे, काम तसंच होतं. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर जो पेपर आला त्यावर ५,१५४ लेखकांची नावं होती, ३३ पानांपैकी ९ पानं पेपर आणि बाकी बरीचशी नावंच. इतिहासात तू एकटी दफ्तरात बसतेस, एकटी वाचतेस, एकटी लिहितेस. १३० आणि १४ हे एकाच वस्तूचे आकडेच नाहीत.

ती टॉप २ टक्केवाली यादी, ती सासऱ्यांना नक्की समजावून सांग, रागानं नको, कौतुकानंच. स्टॅनफर्डचे योआनिडिस आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी ती केली, आणि त्यात विज्ञानाचे २२ मोठे विभाग आणि १७४ उपविभाग पाडलेत, दोन टक्के मोजताना माणसाची जागा त्याच्या उपविभागात बघितली जाते. कितवा लेखक आहे, किती जणांत मिळून लिहिलंय, याचाही हिशोब धरतात. म्हणजे भाऊजी फार्मसीतल्या लोकांमध्ये वरच्या दोन टक्क्यांत आहेत आणि त्याचा सगळ्यांनी आनंद करावा, पण ज्यांनी यादी केली त्यांनी सुद्धा दोन टक्के मोजताना फार्मसीवाल्याला इतिहासवाल्यांशेजारी उभं केलं नाही. ते घरी झालं.

आता दुसरी गोष्ट, दिसण्याची. हा भाग मला जास्त बोचतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ही मुळात इंग्रजी जर्नल्सवर उभी असलेली यंत्रणा आहे. मराठी पुस्तकातली तळटीप, गुजराती नियतकालिकातला लेख, गौरवग्रंथातलं प्रकरण, यातलं फार थोडं तिथे पोचतं. इतिहासात महत्त्वाचं काम बरेचदा पुस्तकातून येतं आणि पुस्तकातूनच त्याचा हवाला दिला जातो. तुझं पुस्तक कोणी वाचून आपल्या मराठी पुस्तकात पानोपानी वापरलं असेल, गूगल स्कॉलरला त्यातलं एक पण दिसलं नसेल. स्कोपसवर दोनच पेपर दिसतात म्हणतेस, म्हणजे स्कोपसला तुझं जवळजवळ काहीच दिसलेलं नाही, त्यावरून तुझ्याबद्दल काही ठरवायचं तर कसं ठरवणार.

आपल्या बडोद्यातलंच उदाहरण घे. प्राच्य विद्या मंदिरानं वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, सात खंड, १९६० ते १९७५. कुठकुठल्या लिप्यांमधली हस्तलिखितं गोळा करायची, श्लोकाश्लोकाला पाठभेद जुळवायचे, खाली टिपा लावायच्या, कित्येक विद्वानांची उमेदीची वर्षं त्यात गेली. आज जगात कुठेही रामायणावर गंभीर काम होतं ते या आवृत्तीला हात लावल्याशिवाय होत नाही. पण लेखात संदर्भ येतो तो कांड-सर्ग-श्लोक असा, संपादकांच्या खात्यावर आकडा चढत नाही. तुझं लिप्यंतर आणि टिपांचं पुस्तक याच जातीचं काम आहे. दुसऱ्यांनी ज्यावर उभं राहून लिहायचं ती जमीन तू तयार केलीस, आणि नेमकं हेच काम मोजणाऱ्यांना सगळ्यात कमी दिसतं.

तर हलकं आहे का? नाही. पण सगळा दोष मोजणाऱ्यांचा असंही मी म्हणणार नाही, कारण तुझ्या पत्रातच दोन-तीन गोष्टी अशा आहेत ज्या तुझ्या हातातल्या आहेत.

ते पैसे भरून छापलेले दोन पेपर. ज्या जर्नलमध्ये आठवड्यात पेपर येतो तिथे तो कोणी वाचलेला नसतो. ते तू निवडक कामाच्या यादीत ठेवू नकोस, त्यांचे गुण मागू नकोस, आणि कोणी विचारलं तर सरळ सांग की सुरुवातीच्या काळातले आहेत, आज मी तिथे पाठवणार नाही. लपवायला गेलीस तर इंटरव्ह्यूभर तेच डोक्यात राहील. तिथला मजकूर चांगला असेल तर तो वाढवून, नवीन कागद घालून, आधीच्या पेपरचा उल्लेख करून दुसरीकडे नीट लिहिता येतो. सेमिनारच्या पुस्तकांतले तीन पण कोणाला मिळतच नसतील, ती पुस्तकं संयोजकांच्या कपाटात असतात, मग त्यांचा हवाला कोण देणार.

आणि सगळ्यात मोठं, तुझ्याकडे असं साहित्य आहे जे दुसऱ्या कोणाकडे नाही आणि त्याच्यावर एकही मोठा इंग्रजी लेख नाही. सहा इंग्रजी पेपर आहेत, पण पत्रावरून वाटतं ते छोटे-छोटे, सेमिनारच्या मापाचे आहेत. संस्थानांच्या इतिहासावर, शिक्षणाच्या इतिहासावर जगात लिहिणारे लोक आहेत, त्यांना मोडी येत नाही, मराठी पण येत नसेल, त्यांना तू काय शोधलंस ते कळायला रस्ताच नाहीये. इंडियन इकॉनॉमिक अँड सोशल हिस्ट्री रिव्ह्यू १९६३ पासून चालू आहे, मॉडर्न एशियन स्टडीज आहे, इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत पण असे लेख येतात. एकच लेख लिही पण भरपूर लांब, दंड आणि हजेरी या एकाच प्रश्नावर, तुझ्या कागदांतले उतारे देऊन. वर्ष-दीड वर्ष जाईल, रिव्ह्यूअर परत पाठवतील, पुन्हा लिहावं लागेल, जूनच्या इंटरव्ह्यूला त्याचा उपयोग नाही. तरी लिही. आकड्यासाठी नाही, तुझं काम ज्यांना लागणार आहे त्यांच्यापर्यंत ते गेलं पाहिजे म्हणून. आणि मराठी सोडू नकोस, पुढचं पुस्तक मराठीतच येऊ दे, इथल्या पोळातल्या, वाड्यातल्या घरांमध्ये अजून ट्रंका भरून मोडी कागद पडलेत, ती घरं मराठी पुस्तक वाचूनच तुला शोधत येतील.

विषय बदलायचं विचारलंस. माणसानं विषय बदलूच नये असं माझं मत नाही. व्यंकी रामकृष्णन आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे, १९७१ चे फिजिक्सचे बीएससी, अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी केली, मग त्यांना वाटलं आपला जीव जीवशास्त्रात आहे, तर डॉक्टरेट हातात असताना पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. २००९ चं नोबेल रायबोसोमवर मिळालं, केमिस्ट्रीचं. पण ते बदलले कारण त्यांना तो प्रश्न हवा होता. तुला एआयचा कोणता प्रश्न रात्री झोपू देत नाही? पत्रात तर एकही नाही, पण अमरेलीबद्दल तू न विचारता दीड पान लिहिलं होतंस, मी वर कापलं ते. ज्या विषयात कालपासून सगळे धावतायत तिथे तू आठवं-दहावं वरवरचं सर्वेक्षण लिहिशील, मोडीत तू जे लिहितेस ते दुसरं कोणी लिहिणार नाहीये. हां, हस्तलिखित वाचायला कम्प्युटरला शिकवणारे लोक आहेत, मोडीवर पण प्रयत्न चालू आहेत, त्यांना तुझ्यासारख्या तपासून लावलेल्या लिप्यंतराची फार गरज असते, त्या वाटेनं तुला एआयकडे जायचं असेल तर खुशाल जा, कारण तिथे तुझं मोडी तुझ्यासोबत येतंय.

आकड्यांच्या मागे धावून काय होतं ते पण बघ. वेब ऑफ सायन्स चालवणारी क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जास्त साइट झालेल्या संशोधकांची यादी काढते, २०२३ मध्ये त्यांनी गणित हा विषयच त्यातून काढून टाकला, कारण त्या विषयात एकूणच सायटेशन्स कमी असल्यामुळे थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना साइट केलं तरी यादी हलत होती. म्हणजे तुझा सहकारी सुचवतोय त्याच्या पुढची पायरी.

आता जूनपर्यंत काय करता येईल. पत्रात तू लग्नाआधीच्या आडनावानं काही पेपर असल्याचं पुढे कुठेतरी लिहिलंयस, ते आधी सोडव. ऑर्किड म्हणून सोळा आकडी नंबर मिळतो, फुकट, त्यात दोन्ही नावं घालता येतात आणि सगळे पेपर एका जागी जोडता येतात. गूगल स्कॉलरवर तुझ्या प्रोफाइलमध्ये जुन्या नावाचे पेपर हातानं घालायचे, स्कोपसला दोन प्रोफाइल झाले असतील तर एक करायची विनंती पाठवायची. आपल्याकडच्या बायकांची सायटेशन्स अशी दोन आडनावांत फाटलेली मी कितीदा बघितलीत, आणि इंग्रजी स्पेलिंग दर पेपरला वेगळं, कुठे मधलं नाव नवऱ्याचं, कुठे वडिलांचं. तुझे ५८ चे कदाचित सत्तर निघतील, कदाचित नाही निघणार, पण निदान आकडा तुझा पूर्ण असेल.

मराठी-गुजराती पेपरांना इंग्रजी शीर्षक आणि दहा ओळींचा सारांश जोड. हक्क तुझ्याकडे असतील ते लेख, आणि दफ्तरखान्याची लेखी परवानगी मिळाली तर लिप्यंतराचा निवडक भाग, झेनोडो या ऑनलाइन साठ्यावर टाक, युरोपातली सर्न ही संशोधन संस्था तो चालवते, पैसे पडत नाहीत आणि प्रत्येक गोष्टीला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो, म्हणजे कोणालाही हवाला देता येतो आणि तो दिसतो पण. प्रकाशकाला विचारल्याशिवाय पुस्तक मात्र टाकू नकोस.

मग एक दिवस काढून शोधगंगेवर बस. आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचीच आहे ती, सगळ्या देशातले प्रबंध तिथे आहेत. बडोदा संस्थान, संस्थानी शिक्षण, मराठेशाहीनंतरचा गुजरात, या विषयांवरचे गेल्या दहा वर्षांतले प्रबंध उघडून ग्रंथसूची बघ, तुझं पुस्तक कुठे कुठे आलंय ते टिपून ठेव, पानासकट. कोणत्या विद्यापीठानं अभ्यासक्रमात लावलंय का, कोणी परीक्षण लिहिलंय का, तुझ्याकडे मोडी शिकून कोणी आज दफ्तरात काम करतंय का. हे सगळं एका पानावर, जास्त नको, साध्या वाक्यात. रिसर्चचं मूल्यमापन कसं व्हावं यावर २०१५ मध्ये लायडन मॅनिफेस्टो म्हणून दहा तत्त्वं नेचरमध्ये छापून आली, त्यात स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा असं स्पष्ट आहे आणि विषयाविषयातला फरक धरा असंही आहे, पानाच्या शेवटी त्याचा एका ओळीत उल्लेख केलास तर चालेल. भाषण करू नकोस त्यावर.

तुलना करायचीच असेल तर इतिहासातलेच पाच-सहा जण घे, तुझ्या वयाचे, प्रादेशिक भाषेतले कागद वाचणारे, कोणी फारसीवाले, कोणी मोडीवाले, आणि त्यांचे गूगल स्कॉलरचे आकडे बघ. ते तुझ्या डोक्यासाठी, अर्जात कोणाचं नाव घालायचं नाही.

इंटरव्ह्यूत कोणी विचारलंच की स्कोपसमध्ये किती, तर 'दोन' म्हणायचं, लगेच, मान वर ठेवून, आणि पुढचं वाक्य तयार ठेवायचं: माझं काम मुख्यतः मराठी-गुजरातीत आणि पुस्तकरूपात आहे, ते कोणी कोणी वापरलंय त्याचा हा कागद, आणि यातला एक लांब इंग्रजी लेख मी अमुक जर्नलसाठी लिहितेय. जूनपर्यंत त्या लेखाचा कच्चा मसुदा खरंच झालेला असू दे म्हणजे हे वाक्य खरं असेल. कमिटीत बाहेरच्या विषयाचा माणूस असला तर एच-इंडेक्स ४ का, असं विचारेल, तेव्हा त्याचा विषय कोणता ते लक्षात घेऊन शांतपणे सांग की इतिहासात संदर्भ पुस्तकांतून येतात आणि मोजले जात नाहीत, मग पुस्तक उघडून एक कागद त्याला दाखव, मूळ मोडी आणि समोर तुझं लिप्यंतर.

सहकाऱ्याला या आठवड्यातच नाही म्हणून टाक, अर्ज जायच्या आधी. त्याच्या पेपरवर मनापासून टिपणं हवी असतील तर वाचून दे, आभारात नाव येईल, ते पुरे.